फर्दुनजी मर्झबान : मुंबईच्या पहिल्या देशी वृत्तपत्राचे छापखानदार

छापखान्याचे मोल ख्रिस्ती मंडळ्यांना निराळे सांगावयास नको. श्रीरामपुरास डॉ. कॅरी ह्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१७ साली अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला, हे आपल्या संडे स्कूलमध्ये शिकविले जाते. परंतु ह्याच मुंबईत, मिशनच्याही अगोदर पाच वर्षे, एका पारशी गृहस्थाने पदरचा पैसा घालून देशी भाषेचा छापखाना उभा केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव फर्दुनजी मर्झबान. त्यांच्या आयुष्याची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फर्दुनजींचा जन्म १७८७ साली सुरतेस एका पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. अठराव्या वर्षी, म्हणजे १८०५ साली, ते मुंबईस आले. त्या वेळी मुंबई ही कंपनी सरकारची वाढती वसाहत होती. दोनच वर्षांपूर्वी, १८०३ साली, कोटातील वस्ती मोठ्या आगीत जळाली होती व नवी घरे उठत होती. देशावर अजून पेशवाई होती. मुंबईत मुल्ला फिरोझ नावाचे मोठे पारशी विद्वान राहत. त्यांच्याजवळ फर्दुनजी फारसी व अरबी शिकू लागले. ग्रंथांची गोडी लागली ती तेथेच.

पोटासाठी त्यांनी १८०८ च्या सुमारास पुस्तके बांधण्याचा व्यवसाय सुरू केला. दुसऱ्याची पुस्तके शिवता शिवता आपणच पुस्तके का छापू नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. ‘बॉम्बे कुरियर’ ह्या इंग्रजी पत्राच्या छापखान्यात जीजीभाई छापगर नावाचे पारशी कारागीर होते व त्यांनी गुजराती अक्षरे पाडली होती. त्यांच्या ओळखीने फर्दुनजींना ह्या विद्येची वाट सापडली आणि १८१२ साली त्यांनी स्वतःचा छापखाना घातला.

गुजराती खिळे बाजारात विकत मिळत नसत. एक एक अक्षर कोरावे, त्याचा साचा करावा, शिसे ओतावे, निघालेला खिळा घासून सारखा करावा. असे शेकडो खिळे जमावेत तेव्हा कोठे एक पान जुळावयाचे. फर्दुनजींनी हे काम आपल्या हाताने केले आणि घरातील स्त्रियांनी खिळे घासण्यास हातभार लावला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिशनच्या पाठीशी परदेशातील मंडळ्यांच्या देणग्या होत्या. फर्दुनजींच्या पाठीशी त्यांचे घर होते.

१८१४ साली त्यांनी गुजराती पंचांग छापले. लोकांना रोज लागणारी वस्तू आधी द्यावी, म्हणजे छापील कागदाविषयीची भीती मोडेल, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पुढे फारसी ग्रंथांची गुजराती भाषांतरेही त्यांनी छापली. मग १ जुलै १८२२ रोजी त्यांनी ‘मुंबई समाचार’ हे गुजराती साप्ताहिक सुरू केले. आरंभीचे वर्गणीदार अवघे दीडशे. जहाजांचे येणेजाणे, मालमत्तेची खरेदीविक्री, सरकारी नेमणुका आणि जाहिराती असा मजकूर त्यात असे. मोठी मोठी मते मांडण्यापेक्षा व्यापाऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल अशी खरी बातमी देणे, ह्यावर पत्राचा भर होता.

येथवरची कथा उद्योगाची आहे. पुढची मात्र दुःखाची आहे. पारशी समाजात त्या वेळी पंचांगाचा वाद पेटला होता. शहेनशाही व कदमी ह्या दोन पक्षांच्या कालगणनेत एका महिन्याचा फरक होता, आणि प्राचीन काळी अधिक महिना धरला गेला की नाही ह्यावर भांडण होते. मुल्ला फिरोझ हे कदमी पक्षाचे अग्रणी. त्यांच्या शिष्याचे पत्र ह्या वादापासून अलिप्त राहू शकले नाही. विरोधी पत्रे निघाली, शब्दास शब्द वाढला, घरे दुभंगली. त्यातच पैशाची ओढ लागली. अखेर १८३२ साली फर्दुनजींना स्वतः जन्म दिलेले पत्र सोडावे लागले. मुंबई सोडून ते पोर्तुगीजांच्या दमणला गेले आणि तेथेच १८४७ साली वारले.

त्याच १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले व मराठी वृत्तपत्रांचा आरंभ झाला. एक दिवा दूर नेला गेला त्याच वर्षी दुसरा लागला, असे म्हणावेसे वाटते.

फर्दुनजी गेले, परंतु पत्र राहिले. १८५५ साली ते दैनिक झाले आणि २०२२ साली त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. आशिया खंडात अखंड चालत आलेल्या वृत्तपत्रांत ते सर्वांत जुने मानले जाते.

फर्दुनजी आपल्या धर्माचे नव्हते, तरी आपण त्यांच्यापासून दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, धीराची. आमच्या इंदूरच्या विजय नगरात आज मुलाच्या हातातील मोबाइलवर क्षणात शंभर बातम्या येतात. अशा मुलाला एक ओळ छापण्यासाठी किती खिळे घासावे लागत, हे संडे स्कूलच्या शिक्षकांनी अवश्य सांगावे. हातात आलेली बातमी खरी की खोटी हे पाहण्याइतकाही धीर आपल्याला का नसावा, हा प्रश्न मुले मग आपणच विचारतील.

दुसरी गोष्ट थोरांसाठी आहे. ज्या माणसाला शिसे, शाई आणि दारिद्र्य हरवू शकले नाही, तो आपल्याच समाजाच्या भांडणात घायाळ झाला, आणि भांडण होते एका महिन्याचे. आपल्या मंडळ्यांतही उपासनेची वेळ, कमिटीची निवडणूक, जुनी गीते की नवी, अशा कारणांवरून चांगले कामकरी दुखावून निघून जातात. वाद पुढे विझतो, पण गेलेला माणूस परत येत नाही. पुढच्या बैठकीत आवाज चढू लागला, की आपण दमणला गेलेल्या ह्या छापखानदाराची आठवण करावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.