कॅमेऱ्यात सौंदर्य शोधणारे जयपूरनरेश

जयपूर : चित्रकारांसमोर बसून आपली तसबीर काढवून घेण्याची राजेरजवाड्यांची रीत असताना स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले राज्यकर्ते म्हणून जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह द्वितीय ओळखले जातात. १८३५ मध्ये, वयाची दोन वर्षेही पूर्ण झालेली नसताना ते गादीवर आले.

१८६० च्या दशकात टी. मरे या छायाचित्रकाराच्या सहवासात त्यांना या कलेचा ध्यास लागला. ते तंत्र कष्टाचे होते. काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र टिपून धुवायची. काच वाळली की श्रम वाया जात. उघड्यावर वास्तू किंवा निसर्गदृश्य टिपायचे तर अंधारा तंबू आणि रसायने बरोबर न्यावी लागत. तरीही महाराज प्रवासात कॅमेरा सोबत ठेवत. राजवाड्यात त्यांनी छायाचित्रांसाठी तसबीरखाना चालवला.

जयपूर दरबाराच्या सुरतखान्यात चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या कृष्णलीला रंगवत आले होते. शिवभक्त रामसिंहांनी भक्तीचे तेच भावविश्व नव्या माध्यमात आणले. एका आत्मचित्रात ते कपाळी त्रिपुंड्र, गळ्यात रुद्राक्ष आणि भोवती पूजासाहित्य अशा उपासकाच्या रूपात दिसतात. राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्याने १८९४ पासून देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी पोहोचवल्या. रामसिंहांचे हे प्रयोग त्याआधीचे.

त्यांचे सर्वांत धाडसी काम जनान्यातील आहे. पडद्याआड राहणाऱ्या स्त्रियांना त्यांनी युरोपीय धाटणीच्या मांडणीत बसवून टिपले. त्या थेट भिंगाकडे पाहतात. मात्र राजाने बोलावल्यावर नकार देणे त्यांना कितपत शक्य होते, हा प्रश्न या देखण्या चित्रांपासून वेगळा करता येत नाही. त्यांतील बहुतेकींची नावेही नोंदलेली नाहीत.

कलाशाळा, रामनिवास बाग आणि रामप्रकाश नाट्यगृह ही त्यांच्याच कारकिर्दीची देणगी. अल्बर्ट हॉलची पायाभरणीही त्यांच्याच काळात, १८७६ मध्ये झाली. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातील सुमारे दोन हजार काचेच्या निगेटिव्ह आज सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जतन केल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील जनान्याचे असे चित्रण फारच विरळा असल्याने, त्या अनाम स्त्रियांच्या अस्तित्वाचा तो मोलाचा पुरावा ठरला आहे.