किंग हेन्रीज रोडवरील विद्यार्थी

दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की आमच्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांत मोठ्या पेट्या भरल्या जाऊ लागतात. मुलगा अथवा मुलगी युरोपातील कुठल्याशा विद्यापीठात शिकायला निघालेली असते. लाडू, चिवडा, लोणच्याची बरणी, सुक्या सुंगटांची पुडी, आणि सर्वांत तळाशी बँकेच्या कर्जाचे कागद. विमानतळावर आईचे डोळे पाणावतात, बाप उगाच घड्याळाकडे पाहत राहतो. या निरोपाच्या प्रसंगी आम्हांस आठवण होते ती एका शतकापूर्वी लंडनमध्ये शिकलेल्या अशा एका विद्यार्थ्याची, ज्याचे मूळ गाव याच किनाऱ्याच्या आधाराने वसलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळचे आंबडवे हे ते गाव, आणि भीमराव रामजी आंबेडकर हा तो विद्यार्थी.

डॉ. आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राज्यघटना उभी राहते, महाडचे चवदार तळे उभे राहते, नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. ते सर्व योग्यच आहे. परंतु या मोठ्या घटनांच्या छायेत एक तिशीचा, कृश होत चाललेला, खिशात टिपणांचे कागद कोंबून पायी चालणारा विद्यार्थी झाकला जातो.

लंडनशी त्यांचा पहिला संबंध आला तो १९१६ साली. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे काढून ते लंडनला आले, अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मिळाली, एवढाच काय तो दिलासा. महायुद्धाचे दिवस होते. वेगळ्या बोटीने पाठविलेले सामान शत्रूच्या पाणबुडीच्या हल्ल्यात बोटीसह समुद्राच्या तळाशी गेले, आणि त्याबरोबर कष्टाने जमविलेली पुस्तकेही. पुढे बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला खोली मिळेना आणि कचेरीतले शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून टाकीत, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

मुदत संपण्यापूर्वी परत जायचेच, हा निश्चय मात्र ढळला नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून बचत केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत आंबेडकर पुन्हा बोटीवर चढले.

त्यांनी बिऱ्हाड केले ते प्रिमरोझ टेकडीजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात. घराची मालकीण करारी आणि हात आखडता. सकाळच्या न्याहारीस पावाचा एक काप, थोडा मुरंबा, एक कप चहा आणि माशाचा एक तुकडा. (आपल्याकडे लहान पोरही तेवढ्या तुकड्यावर जेवण संपवून उठायचे नाही.) एवढे पोटात घालून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचा रस्ता धरीत. दुपारच्या जेवणाला पैसे परवडत नसत. वाचनालयात बसून खाण्यास मनाई, म्हणून सोबत नेलेला पावाचा तुकडा चोरून खाण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला. ग्रंथालय बंद होण्याच्या घटकेपर्यंत ते जागेवरून हलत नसत. पहारेकरी दिवे मालवायला आला की उठायचे, फुगलेले खिसे सावरायचे आणि बाहेर पडायचे. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध असलेले गोल्डस्मिथ्स ग्रंथालय, या सर्वांच्या पायऱ्या त्यांनी अशाच झिजविल्या. लंडन पाहण्यासारखे पुष्कळ होते. नाटकगृहे होती, उपाहारगृहे होती. त्यांनी ते शहर पाहिले ते मुख्यतः एका ग्रंथालयातून दुसऱ्याकडे जाताना.

रात्रीच्या जेवणात बोव्हरील नावाचा मांसरस गरम पाण्यात कालवून आणि त्याबरोबर बिस्किटे. मग पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास पोटात आग पडे. एका परिचिताने मुंबईहून आणलेले पापड जवळ असत, त्यांतले चार भाजून घ्यायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. त्यानंतर वाचन चाले ते पहाटेपर्यंत. खोलीतला सोबती अस्नोडकर मध्येच जागा होई आणि आता झोपा म्हणून विनवी. हे आडनाव वाचताच आमच्या वाचकांना बार्देशातील अस्नोडे आठवल्यावाचून राहणार नाही. झोपेला वेळ नाही आणि जेवायला पैसा नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यास मिळे.

या पापडांची कथा आजकाल व्याख्यानांतून फार चवीने सांगितली जाते. ऐकणारे टाळ्या वाजवतात. आम्हांस त्या टाळ्या खटकतात. त्या उपासमारीत व्रताचा भाग नव्हता. ती निव्वळ पैशाची चणचण होती. ज्या समाजाने या बुद्धिमत्तेला दारात उभे केले नाही, त्याच समाजाने, म्हणजे तुमच्या-आमच्या वाडवडिलांनी, त्या भुकेचे कौतुक करावे, हे कितपत शोभते याचा विचार आपण करावयास हवा.

चणचणीला आणखी एक कारण होते आणि ते त्यांच्या अभ्यासविषयाचेच होते. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या बराच वर चढला होता. पुढे वर्षभरात तो सव्वा शिलिंगाच्या आसपास कोसळला. भारतातून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचे पौंडांतले मोल असे वितळत असता कर्जाच्या पैशावर जगणाऱ्या विद्यार्थ्याची काय गत होत असेल, हे विदेशी चलनाचा भाव रोज सकाळी पाहणाऱ्या आजच्या पालकांना सांगायला नको. आणि हा विद्यार्थी प्रबंध लिहीत होता तो रुपयाच्या प्रश्नावरच! बॅरिस्टरीचीही अशीच गंमत. इनच्या दालनात ठरावीक संख्येने भोजने घेतल्याखेरीज सनद मिळत नसे. अर्धपोटी राहणाऱ्यास पैसे मोजून पंक्तीला बसण्याची सक्ती होती.

या दिवसांचा अर्धा जमाखर्च लंडनच्या खोलीत सापडणार नाही. तो मुंबईत परळच्या चाळीत शोधावा लागेल. रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून नेत. कोळणीची हाक आणि होडीचा आवाज ज्या वाचकांच्या कानांत बालपणापासून आहे, त्यांना ते श्रम समजावून द्यायला नकोत. पती समुद्रापार असता या बाईंनी संसार ओढला, उपास काढले. त्यांची चार अपत्ये बालपणीच गेली. पुस्तकांवर नावे छापली जातात ती लेखकांची. त्या पुस्तकांसाठी कोणाच्या चुलीत कमी लाकडे जळली, याची नोंद मुखपृष्ठावर नसते. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाई निवर्तल्या. पुढे १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९२१ च्या जूनमध्ये एम. एस्सी. पदवी मिळाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रुपयावरील प्रबंध सादर झाला. जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते, पण तो बेत तडीस गेला नाही. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंध फिरून लिहावयास सांगितले, कारण साम्राज्याच्या चलनधोरणावरील टीका त्यांना रुचली नव्हती. हाती पैसा उरला नव्हता. ते मुंबईस परतले आणि लेखनात फेरफार केला तरी निष्कर्ष तेच ठेवून प्रबंध पुन्हा पाठविला. वर्ष संपण्यापूर्वी डी. एस्सी. पदवी मिळाली आणि ग्रंथ लंडनमध्येच छापून निघाला. प्रास्ताविक कॅनन यांचे होते, आणि त्यांनी त्यात आपले मतभेदही नमूद केले होते. गुरुशिष्यांचे असे नाते आपल्या विद्यापीठांत आज किती आढळेल, ही शंका आमच्या मनात येते.

किंग हेन्रीज रोडवरील ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. त्याची किंमत तीस कोटी रुपयांहून अधिक झाली. आता तेथे स्मारक आहे. लंडनला शिकायला जाणारी आमची मुले सुटीच्या दिवशी तेथे डोकावतात, छायाचित्रे काढतात, आणि संध्याकाळी आपापल्या खोलीत परतून घरून आणलेले पापड भाजतात.