खाणीतली हवा खडकाला का अडते? हिशेब मांडणारे हेन्री डार्सी कोण होते?

जमिनीखाली शेकडो मीटर खोल काम करणाऱ्या खाण कामगारांना ताजी हवा मिळते ती मोठ्या पंख्यांमुळे. मात्र बोगद्याच्या खडबडीत खडकाला घासत जाताना या हवेचा जोर कमी होतो. किती कमी होतो, हे मोजण्याच्या सूत्रात फ्रेंच इंजिनीअर हेन्री डार्सी यांचे नाव आहे. गंमत म्हणजे त्यांचे काम खाणीत नव्हे, पाणीपुरवठ्यात होते.

दिजाँला पाणी दिले

डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहरात झाला. १४व्या वर्षी वडील गेले, तरी आईने शिक्षण थांबू दिले नाही. पॅरिसमध्ये शिकून ते सरकारी इंजिनीअर झाले आणि गावी परतले. तेव्हा दिजाँत शुद्ध पाण्याचे हाल होते. डार्सी यांनी १२ किलोमीटरहून लांबच्या झऱ्याचे पाणी बंदिस्त कालव्यातून, केवळ उताराच्या जोरावर आणले. १८४० मध्ये पाणी शहरात पोहोचले. या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही.

शोध नेमका काय?

पाइप आतून गुळगुळीत आहे की खडबडीत, याला त्या काळच्या प्रचलित सूत्रांत जागाच नव्हती. १८४८च्या क्रांतीनंतर डार्सी यांना दिजाँ सोडावे लागले. पॅरिसमध्ये त्यांनी काच, शिसे आणि लोखंडाचे, नवे आणि आत थर साचलेले पाइप तपासले. जुन्या पाइपमधला अडथळा नव्याच्या सुमारे दुप्पट निघाला. म्हणजे नव्या पाइपच्या हिशेबाने योजना आखली, तर पुढे शहराला पाणी कमी पडणार!

हे संशोधन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकृती आधीच ढासळली होती. ३ जानेवारी १८५८ रोजी, ५४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खाणीशी संबंध काय?

पाण्यासारखीच हवाही वाहते, त्यामुळे नियम तोच. जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण अकादमीतील प्राध्यापक युलियस वाइसबाख यांनी १८४५ मध्ये घर्षणाचे सूत्र मांडले होते. आज ते डार्सी-वाइसबाख सूत्र म्हणून शिकवले जाते.

समजा, दोन बोगदे सारख्याच आकाराचे आहेत. एकाला काँक्रीटचे गुळगुळीत अस्तर आहे, दुसऱ्यात सुरुंगाने फोडलेला उघडा खडक. दुसऱ्यात घर्षण साधारण तिप्पट असू शकते. तेवढीच हवा न्यायची, तर पंख्याला ताकदही तिप्पट लागते. ती दिली नाही, तर हवा कमी पोहोचते आणि मिथेन, धूळ, डिझेलचा धूर आत साचतो.

म्हणूनच पंखा ठरवण्याआधी भिंत पाहावी लागते.