गहुलीचे वसंतराव

आपल्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद प्राथमिक शाळा असे लिहिले आहे. रोज त्या पाटीखालून आपण आत येतो, पण जिल्हा परिषद आली कुठून हे मला ठाऊक नव्हते. गावातली म्हातारी माणसे अजून बोर्डाची शाळा म्हणतात. मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी ऑफिसातल्या भिंतीवरचा एक फोटो दाखवला आणि म्हणाले, यांच्यावर लिही, तुला उत्तर सापडेल. फोटो वसंतराव नाईकांचा होता.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुली या तांड्यावर झाला. गहुली हे यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात. घर बंजारा समाजाचे. बंजारा म्हणजे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे लोक. पुढे रेल्वे आली, तो धंदा बसला आणि तांडे जागोजाग स्थिरावले. गहुलीही तसेच वसलेले. वडील गावचे पुढारी, घरी शेती भरपूर. पण तांड्यावर शाळा नव्हती. त्यामुळे लहान वसंताला शाळेसाठी एका गावाहून दुसऱ्या गावी जावे लागले. घरात बोली बंजारा आणि शाळेत मराठी! आपल्या वर्गातही अशी मुले आहेत, त्यांना विचारा म्हणजे कळेल काय होतं ते.

पुढे ते नागपूरला शिकले. मॉरिस कॉलेजातून बी. ए. झाले, १९४० साली वकील झाले. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही दिवस वकिली केली आणि मग पुसदला परत आले. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केले. वत्सलाबाई ब्राह्मण घरातल्या. तो काळ कसा होता! दोन्हीकडच्या मंडळींचा विरोध झाला. तरी दोघे मागे हटले नाहीत.

१९४६ साली ते पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली आमदार झाले. आता इथे एक गंमत आहे. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून वसंतराव पहिल्यांदा मध्य प्रदेश सरकारात उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि तेही मुंबईला आले. तिथे सहकार आणि मग शेती ही खाती त्यांनी सांभाळली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते. माणूस एकच आणि राज्ये तीन.

आता आपल्या शाळेची गोष्ट. १९६० साली सरकारने एक समिती नेमली. गावचा कारभार गावच्या माणसांकडे कसा द्यायचा हे तिने ठरवायचे होते. वसंतराव तिचे अध्यक्ष होते. समितीचे म्हणणे असे पडले, की जिल्ह्याची संस्था बळकट पाहिजे आणि तिच्या हातात शाळा, रस्ते, दवाखाने, शेतीची कामे द्यावीत. त्यावरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हापासून पाटीवर हे नाव आहे. म्हणजे शाळेचे पत्रे गळायला लागले की आपले सरपंच ज्या ऑफिसात अर्ज घेऊन जातात, ते ऑफिस या समितीमुळे झाले. (पत्रे अजून गळतात. पालकांनी वर बघावे.)

१९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मग मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, पण वर्षभरातच वारले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले, ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. अकरा वर्षांहून जास्त! मुंबईत त्यांच्या बंगल्याला वर्षा हे नाव त्यांच्याच काळात पडले. वर्षा म्हणजे पाऊस. शेतकऱ्याच्या घराला दुसरे काय नाव असणार? फोटोत त्यांच्या हातात पाईप आहे. तेवढं मात्र घेऊ नका, असं गुरुजी म्हणाले.

मला सगळ्यात विचारात पाडणारी गोष्ट १९६५ सालची आहे. तेव्हा देशात धान्य कमी होते. पुण्याला शनिवारवाड्यासमोरच्या सभेत वसंतरावांनी सांगून टाकले, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्या. मुख्यमंत्र्याने असे बोलायचे म्हणजे केवढे धाडस! त्यांचा भरवसा हायब्रीड ज्वारीवर होता. हे बियाणे, खत, विहिरी आणि बंधारे यांच्यासाठी ते गावोगाव फिरले. ज्वारी वाढली खरी. पण पाऊस हातचा नव्हता. आणि आमची आजी सांगते, की हायब्रीडची भाकरी कुणाला गोड लागत नसे, आणि कणसं पावसात भिजली की दाणे काळे पडत. घरात वयस्कर माणूस असेल तर विचारून बघा, तेही हेच सांगतील.

पुढे ओळीने वर्षे कोरडी गेली आणि १९७२ चा दुष्काळ आला. धान्य नव्हते, अमेरिकेची लाल मिलो रेशनवर आली. म्हणजे शनिवारवाड्यावरचा शब्द पुरा झाला नाही. मी गुरुजींना विचारले, मग त्यांना कुणी जाब विचारला का? गुरुजी म्हणाले, विधानसभेत आणि मोर्च्यांत पुष्कळ विचारला, आणि तो विचारलाच पाहिजे होता. पण त्या दुष्काळात सरकारने काय केलं, ते तुझ्या आजीला विचार.

आजी तेव्हा तेरा वर्षांची. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. वय वाढवून तिचं नाव मस्टरला लावलं आणि ती आईबरोबर खडी फोडायला गेली. गावोगाव अशी कामे निघाली : रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची. आजी म्हणते, पगार लांबला की घरात रडारड व्हायची, पण सुकडी पोटात असायची. ढोरं मात्र गेली. आपल्या गावच्या ओढ्यावरचा पाझर तलाव त्याच साली झाला. आजीच्या डाव्या हाताच्या बोटाला हातोडा लागल्याची खूण अजून आहे.

मागेल त्याला काम द्यायचे ही कल्पना वि. स. पागे यांची. ते सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती होते. वसंतरावांच्या सरकारने ती उचलून धरली आणि दुष्काळात ती राज्यभर नेली. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापू लागले. मुंबईच्या पैशाने खेड्यातले तलाव, ही मला फार चांगली युक्ती वाटते. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा करताना महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत निघाली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ साली त्यांचे नाव दिले. मुख्यमंत्रीपद गेल्यावर १९७७ साली ते वाशिममधून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला त्यांचे निधन झाले. गहुलीपासून किती लांब!

१ जुलै हा त्यांचा वाढदिवस कृषी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी पालक येतील, आजीही येणार आहे. तिला वाचता येत नाही म्हणून हे भित्तिपत्रक मी तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मिलोबद्दल काही चुकलं असेल तर ती तिथंच सांगेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी