कुष्ठरुग्णांना जिथं नेऊन टाकायचे, त्या बेटावर फादर डेमियन स्वतःहून गेले आणि तिथलेच झाले

डिसेंबर 1884. फादर डेमियन यांनी गरम पाण्यात पाय बुडवला. पाणी चांगलंच कढत होतं. पायाला फोड आले, पण दुखलं मात्र अजिबात नाही.

त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला. 11 वर्षं ते कुष्ठरुग्णांमध्येच राहत होते. या आजारात नसांना इजा होते आणि त्वचा बधिर पडते. आता तो त्यांनाही झाला होता.

ही गोष्ट पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांची. आज हे अमेरिकेचं राज्य आहे, पण तेव्हा तिथं स्वतंत्र राजेशाही होती. जहाजांसोबत बाहेरून माणसं आली, तसे देवी आणि गोवरासारखे आजारही आले. जगापासून लांब राहिलेल्या बेटवासीयांच्या शरीराला या आजारांची सवयच नव्हती. साथींमध्ये हजारो लोक गेले. त्यात कुष्ठरोगाची भर पडली.

घाबरलेल्या सरकारनं 1865 मध्ये कायदा केला. रुग्णांना सक्तीनं वेगळं काढायचं. 1866 पासून त्यांना मोलोकाई बेटाच्या कलाउपापा भूशिरावर पाठवायला सुरुवात झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला शेकडो मीटर उंच कडा. तिथून सुटका नव्हती.

रुग्ण शेती करून पोट भरतील, असं सरकारनं धरलं होतं. पण हातातली ताकद गेलेली माणसं कुदळ कशी चालवणार? ना धड घरं, ना औषधोपचार.

10 मे 1873 रोजी डेमियन तिथं पोहोचले. मूळचे बेल्जियमचे, शेतकरी कुटुंबातले. मोठा भाऊ आजारी पडला म्हणून त्याच्या जागी 1864 मध्ये ते हवाईला आले होते. मोलोकाईवर धर्मगुरूंनी आळीपाळीनं जायचं ठरलं होतं. पहिली पाळी 33 वर्षांच्या डेमियन यांची होती. ते तिथंच राहिले.

त्यांनी घरं बांधली, पाण्याची पाइपलाइन आणली, अनाथ मुलांना सांभाळलं. जखमा धुतल्या, शवपेट्या बनवल्या, कबरी खणल्या. रुग्णांसोबत एकाच भांड्यातून जेवले. 15 एप्रिल 1889 रोजी, वयाच्या 49 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. 2009 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

गंमत बघा, डेमियन मोलोकाईला गेले त्याच 1873 साली नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. पुढं कळलं की हा आजार सहजासहजी पसरत नाही. बहुतेकांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची ताकद असते. डेमियन यांचे सहकारी जोसेफ डटन यांनी तिथं 40 हून जास्त वर्षं काम केलं, त्यांना तो कधीच झाला नाही. 1940 च्या दशकात औषधंही आली.

तरीही हवाईतली सक्ती 1969 पर्यंत चालली. तोवर सुमारे 8,000 लोकांना तिथं पाठवलं गेलं होतं. भारतातही कुष्ठरुग्णांना वेगळं ठेवण्याचा 1898 चा ब्रिटिशकालीन कायदा केंद्रानं 2016 मध्ये रद्द केला. औषध येऊन तेव्हा काही दशकं उलटली होती.

साथ रोखायला कधीकधी रुग्णाला वेगळं ठेवावं लागतं. पण वेगळं ठेवणं आणि टाकून देणं यात फरक आहे. मोलोकाईवर सरकारनं टाकून दिलं होतं. तो फरक भरून काढायला डेमियन यांनी 16 वर्षं दिली.