ताराबाईंच्या शिक्षिका

इथल्या एका बालशाळेत मी गेली काही वर्षं शिकवते. दर ऑगस्टमध्ये काहीतरी नवीन पद्धत येते. दोन तासांचं वर्कशॉप, जाडजूड फाईल, आणि सोमवारपासून करा सुरू! मग मला हमखास ताराबाई मोडक आठवतात. त्यांचं नाव आपण शाळेत असताना ऐकलेलं असतं, बालशिक्षणवाल्या बाई म्हणून. मला त्या जास्त भावतात त्या शिक्षिकांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या प्रमुख म्हणून.

जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. १९१४ साली बी.ए. झाल्या. पुढे संसार विस्कटला, पदरी लहान मुलगी. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद त्यांच्याकडे होतं. ती मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, दक्षिणामूर्तीत गेल्या. म्हणजे आधी स्वतः छोट्या मुलांत बसून माँटेसोरी पद्धत शिकल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. तिथेच थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं.

पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बाई बोर्डीला गेल्या. (आता पालघर जिल्ह्यात येतं ते.) सोबतीला अनुताई वाघ. बालविधवा, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झालेल्या, पुण्याला हुजूरपागेत शिकवणाऱ्या. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. बालवाडी हा अनुताईंचा प्रांत नव्हता, पण ताराबाईंनी त्यांना हाताशी धरलं आणि एकत्र राहून, एकत्र काम करून शिकवलं.

बोर्डीत पहिला धक्का बसला तो असा, की गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईचनात. आता शिक्षिकेने काय करायचं? दुसरी कुणी प्रमुख असती तर हजेरीपटावरून बाईंनाच बोल लावला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली, कुणाच्या तरी अंगणात. अंगणवाडी ती हीच! तिथे मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही शिकवण्याचाच भाग.

माँटेसोरीची साधनं महागडी, खेड्यात परवडणार कशी? मग शिंपले, बिया, खडे, पानं. मोजायला तेच, रंग-आकार ओळखायला तेच. पद्धत पोथीसारखी जपायची नाही, हाताला मिळेल त्यातून ती करायची, अशी मोकळीक खुद्द बाईंनीच दिल्यावर शिक्षिकेची भीती जाणारच ना!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांत. इथली मुलं गुरं राखायला जायची, तर कुरणशाळा काढली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी अडकते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. मला यातलं हेच फार आवडतं. मूल आलं नाही तर चूक शाळेच्या मांडणीत शोधायची, बाईंवर ढकलायची नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारने देशभराची बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. अनुताईंनी मात्र काम सोडलं नाही. बाईंच्या मागे आणखी एकोणीस वर्षं, १९९२ पर्यंत, त्यांनी ते काम चालवलं.