कै. कॅप्टन महेन्द्रनाथ मुल्ला

आमच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोरांचीच चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा तो आम्ही बुद्धिपुरस्सर मोडीत आहो. कॅप्टन मुल्ला हे मूळ काश्मिरी घराण्यातले. जन्म १५ मे १९२६, गोरखपूर येथे. परंतु त्यांची ‘खुकरी’ अखेरच्या सफरीस निघाली ती मुंबईहून. म्हणून ही कथा आम्हां मुंबईकरांस परकी नव्हे.

घराण्यात कायद्याची परंपरा होती. महेन्द्रनाथ १९४८ साली नौदलात अधिकारी झाले, तरी ती आवड सुटली नाही. लष्करी न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या आरोपींचा बचाव करण्यास त्यांना पाचारण होत असे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ते ‘राणा’ या विनाशिकेचे कप्तान झाले. काही काळ लंडन येथील भारतीय वकिलातीतही होते.

डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध पेटले. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागताच ‘खुकरी’ व ‘कृपाण’ या नौका तिच्या शोधार्थ रवाना झाल्या. ‘खुकरी’वर पाण्याखालील चाहूल घेणाऱ्या सोनार यंत्रातील एक सुधारणा अजमावली जात होती व त्यापायी तिचा वेग मंद ठेवला होता. या मंद वेगाविषयी जाणकारांत पुढे पुष्कळ वाद झाला. त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. ९ डिसेंबरच्या रात्री, नऊच्या सुमारास, दीवनजीकच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर ‘खुकरी’वर आदळला आणि अवघ्या काही मिनिटांत नौका बुडाली.

तेवढ्या अवधीत मुल्लांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला, हाताशी सापडतील त्या माणसांना पाण्याकडे लोटले आणि अंगावरचे जीवरक्षक जाकीट एका खलाशास देऊन ते ब्रिजकडे परतले, आणखी कोणी वाचवता येतो का हे पाहण्यासाठी. कप्तानाने नौकेबरोबर बुडालेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे त्या कायदेपंडितास ठाऊक नसेल काय? वय अवघे ४५. घरी पत्नी व दोन कन्या होत्या.

१८ अधिकारी व १७६ खलाशी त्या रात्री गेले. ६ अधिकारी व ६१ खलाशी मात्र अंधाऱ्या समुद्रात तराफ्यांच्या आधाराने तगले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ नौकेने त्यांस वर घेतले. सरकारने कप्तानास मरणोत्तर महावीरचक्र दिले. लोकांच्या स्मरणात ब्रिजवरील कप्तानाचेच चित्र राहिले आहे. परंतु ते चित्र आपणांस दिले कोणी? या ६७ जणांनीच. ते वाचले नसते तर जाकिटाची गोष्ट समुद्राबरोबरच राहिली असती.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे सुटीत दीवला जातात. तेथे समुद्राभिमुख टेकाडावर काचेच्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. मुलांना ती अवश्य दाखवावी, आणि बुडालेल्यांबरोबर वाचलेल्यांचाही आकडा सांगावा.